नीट वाचणे म्हणजे काय? : विमान-तिकिटावरील भाडे आणि तारीख यांच्या निमित्ताने

साहित्याच्या अध्यापकांनी विमानाच्या तिकिटांविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. विमानप्रवास हा काही आमचा नित्याचा व्यवहार नव्हे. वर्षा-दोन वर्षांतून एखादे चर्चासत्र किंवा एखादे लग्न, एवढाच त्याच्याशी आमचा संबंध. तरीही हा विषय आम्ही दोघांनी मुद्दाम घेतला आहे आणि त्याला कारण एक चूक आहे. ती चूक आमची होती की नव्हती, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

२०२४च्या फेब्रुवारीत आमच्या विभागाने एक दिवसाचे चर्चासत्र योजले होते. बीजभाषणासाठी बंगळुरूला स्थायिक झालेल्या आमच्या सरांना बोलावले होते. सर पंचाहत्तरीच्या पुढचे, एम. ए.ला आम्हां दोघांनाही त्यांनी शिकवलेले. चर्चासत्र शनिवारी, १७ फेब्रुवारीला होते. सरांनी शुक्रवारी सकाळी पुण्यात उतरावे आणि शनिवारी रात्री परतावे, असे ठरले. तिकिटे काढण्याचे काम आमच्याकडे आले. परतीची तारीख म्हणून आम्ही शनिवार, १७ फेब्रुवारी निवडली. पडद्यावर विमानांची यादी उमटली; ती स्वस्तापासून महागापर्यंत लावलेली होती. सर्वांत वरचे विमान रात्री बारा वाजून वीस मिनिटांचे. चर्चासत्र पाचला संपणार, सरांचे जेवण निवांत होणार, मग विमानतळ. आम्हांला ते सोयीचेच वाटले आणि आम्ही पैसे भरले.

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास बोर्डिंग पास काढायला बसलो, तेव्हा कळले की ते विमान जवळजवळ एकोणीस तासांपूर्वीच उडाले आहे. शनिवारचे ००:२० म्हणजे शुक्रवारची रात्र. सर बीजभाषणाला उभे राहिले त्याच्याही आधी त्यांचे परतीचे विमान निघून गेले होते. त्या रात्रीचे दुसरे तिकीट मिळाले, परंतु पहिल्याच्या अडीचपट किमतीला. सर रागावले नाहीत. "अरे, होतं असं," एवढेच म्हणाले. त्या समजूतदारपणानेच आम्ही अधिक ओशाळलो.

सोमवारी दुसऱ्या तिकिटाचे बिल घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. अकाउंटंटनी दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, "सर, तारीख तर स्पष्ट लिहिली आहे. नीट वाचली नाही का?" बिल मंजूर झाले नाही, नियमाने ते होणारही नव्हते. पैसे आम्ही दोघांनी वाटून घेतले. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. गेली वीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना 'नीट वाचा' असे सांगत आलो आहोत. नीट वाचणे म्हणजे काय, हे आता आम्हांलाच विचारले गेले होते.

१

तारीख खरोखरच स्पष्ट लिहिलेली होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 'शनि, १७ फेब्रु' आणि '००:२०' ही दोन्ही विधाने सत्य होती. असे असूनही दोन सत्य विधानांच्या शेजारून आम्ही एका असत्यापर्यंत कसे पोहोचलो?

याचे उत्तर आमच्या निष्काळजीपणात थोडे आहे आणि भाषेत पुष्कळ आहे. मराठी बोलणाऱ्याची रात्र दिवेलागणीनंतर सुरू होते आणि झुंजुमुंजू होईपर्यंत ती एकच रात्र असते. 'शनिवारी रात्री' असे आपण म्हणतो तेव्हा शनिवारचा दिवस मावळल्यानंतरची अखंड रात्र आपल्या मनात असते. बाराच्या ठोक्याला ती दुभंगत नाही. पंचांगातील वारही सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. त्या हिशेबाने आमच्या सरांचे विमान शुक्रवारीच सुटले होते. घड्याळाचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. या दोन मोजण्या आपल्या व्यवहारात शेजारी शेजारी नांदतात आणि आपण प्रसंग पाहून एकीतून दुसरीत जातो. वर्तमानपत्रातील 'शनिवारी मध्यरात्री' या शब्दांचा अर्थ शुक्रवार संपतानाची मध्यरात्र की शनिवार संपतानाची, असा प्रश्न पडतो, म्हणूनच जाणता उपसंपादक 'शुक्रवारी मध्यरात्रीनंतर' असे लिहितो. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी मधल्या स्थानकावर साडेबाराला येत असेल, तर तिथून बसणाऱ्याने तिकीट दुसऱ्या दिवसाच्या तारखेचे काढायचे असते. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे आणि ते एकदा तरी गाडी चुकल्यावरच पक्के होते.

भाषेत संदिग्धता असणे हा दोष नव्हे. 'परवा' हा आपला शब्दच पाहावा. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द आहे. तरीही त्यामुळे कोणाचे काम अडल्याचे ऐकिवात नाही. कारण 'परवा आला' आणि 'परवा येईल' यांत क्रियापद सगळा निवाडा करून टाकते. संदिग्ध शब्दाला वाक्य सावरून घेते. तिकिटाच्या पडद्यावर मात्र वाक्यच नसते. तिथे असतात सुटी नामे आणि सुटे अंक. क्रियापद काढून घेतल्यावर शब्द सावरणार कोण?

याउलट घरातले बोलणे पाहा. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या तिकिटावर पंधरा तारीख असते आणि घर सोडायचे असते चौदाच्या संध्याकाळी. मुलगा फोनवर सांगतो, "चौदाला रात्री लवकर जेवून निघा." या एवढ्याशा वाक्यात तारीख आहे, जेवण आहे आणि क्रियापदही आहे, चूक व्हायला जागाच उरत नाही. म्हणजे उपाय ठाऊक नाही असे नव्हे. मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक विमानाखाली 'शुक्रवारी रात्री विमानतळावर पोहोचावे' अशी एक ओळ घालणे संगणकाला अजिबात अवघड नाही. काही संकेतस्थळे अशी सूचना देतातही. पण पुष्कळदा ती पैसे भरून झाल्यावर, तिकिटाच्या तळाशी आणि बारीक अक्षरांत असते.

आकडी तारखेचे दुखणे तर जुनेच आहे. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च. बारा तारखेपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक तारखेला हा धोका आहे; तेरापासून पुढे तो आपोआप टळतो, कारण तेरावा महिना नाही. आईवडिलांचे तिकीट अमेरिकेतल्या मुलाने काढायचे आणि ते वाचायचे नाशिकला किंवा सांगलीला, अशा घरांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली प्रसिद्ध झाले. पण त्याहून सोपा उपाय विमान कंपन्यांच्याच घरात फार दिवसांपासून आहे. लाल कार्बनची कागदी तिकिटे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, की तिच्यावर तारीख '१७ एफ-ई-बी' अशी, म्हणजे आधी दिवस आणि मग महिन्याची तीन रोमन अक्षरे, अशी छापलेली असे. जगात कुठेही वाचा, तिचा दुसरा अर्थ निघत नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने २००८च्या जूनपासून कागदी तिकीट बंद केले. कंपन्यांच्या आतल्या व्यवहारात ती लेखनपद्धती अजूनही चालते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून जी काळजी घेतली गेली, ती प्रवाशाच्या पडद्यावर येताना गळून का पडावी?

आणखी दोन बारकावे सांगतो. उतरण्याच्या वेळेच्या डोक्यावर एक चिमुकला '+१' असतो. विमान दुसऱ्या दिवशी उतरेल, असा त्याचा अर्थ. शाळेत गणित शिकलेल्या माणसाला तो घातांक वाटावा अशा जागी तो बसवलेला असतो आणि न दिसावा अशा आकारात. दुसरा बारकावा दिनदर्शिकेचा. काही संकेतस्थळांवर आठवडा रविवारपासून सुरू होतो, काहींवर सोमवारपासून. 'कालनिर्णय'च्या पानावर वार डाव्या कडेला वरून खाली लिहिलेले असतात. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांतील डोळ्यांना तीच मांडणी सरावाची आहे. आपण वाराचे नाव वाचतो त्यापेक्षा त्याची जागा ओळखतो. जागा सरकली की शनिवार समजून रविवारवर बोट पडते. याला निरक्षरता म्हणता येणार नाही. उलट वाचनाचा सरावच इथे वाचकावर उलटतो.

२

आता भाड्याकडे वळू. तारखेच्या बाबतीत दोष बहुतेक वेळा बेफिकिरीचा असतो. भाड्याच्या बाबतीत मात्र पुष्कळदा हेतूचा असतो, असे आम्हांस वाटते.

'₹ १,९९९ पासून' या शब्दांतील 'पासून' हे शब्दयोगी अव्यय विचारात घ्या. व्याकरणात ते आरंभबिंदू दाखवते. पण आरंभ दाखवणाऱ्या विधानाला शेवटही असावा लागतो. 'पुण्यापासून' म्हटले की ऐकणारा 'कुठपर्यंत?' असे विचारतो. भाड्याच्या जाहिरातीत 'पर्यंत' कधीच येत नाही. शिवाय 'पासून' बारीक अक्षरांत आणि आकडा ठळक. वाचकाच्या डोळ्यांत आकडा राहतो आणि कायद्याच्या डोळ्यांत 'पासून'. एकाच ओळीचे दोन वाचक कल्पून, दोघांना दोन वेगळे अर्थ मिळतील अशी योजना केलेली असते. श्लेष अलंकार आम्ही वर्गात शिकवतो. मात्र त्यात दोन्ही अर्थ एकाच रसिकाला मिळावेत अशी अपेक्षा असते.

भाडे बदलते ही गोष्ट मुळात अन्याय्य नाही, हे सांगितलेच पाहिजे. अमेरिकेत १९७८ साली विमानसेवेवरील सरकारी नियंत्रणे उठली. आपल्याकडे १९९४ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना मैदान मोकळे झाले. एका विमानातील एकसारख्या खुर्च्या वेगवेगळ्या किमतींच्या गटांत विभागायच्या आणि स्वस्त गट संपला की पुढचा उघडायचा, ही रीत त्यानंतर सार्वत्रिक झाली. या रीतीमुळेच आपल्यासारख्यांना, आधी ठरवले तर, विमान परवडते. पण ही रीत वाचकाला कोणी समजावून सांगत नाही. समजा, ४,२०० रुपयांच्या गटात दोनच जागा उरल्या आहेत आणि पुढचा गट ५,१०० रुपयांचा आहे. चार जणांचे कुटुंब एकदम चार तिकिटे मागते. अशा वेळी बहुतेक यंत्रणा दोन तिकिटे स्वस्त आणि दोन महाग असे देत नाहीत. चारही ५,१०० रुपयांनी दाखवतात. दोन-दोन करून काढली असती तर कुटुंबाचे १,८०० रुपये वाचले असते. पडद्यावर याची एक ओळही नसते. एका माणसासाठी पाहिलेले भाडे चौघांसाठी पाहताना वाढलेले दिसते, तेव्हा आपल्याला वाटते की संकेतस्थळाने आपल्याला फसवले. फसवणूक नसते, मौन असते. पण पैशांच्या व्यवहारात मौनाचा लाभ नेहमी एकाच बाजूला का मिळावा?

यानंतर खरी फसवणूक येते. यादीत एक आकडा, पुढच्या पानावर दुसरा, आणि पैसे भरताना तिसरा. मूळ भाड्यावर विमानतळाचे विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, वस्तू व सेवा कर चढत जातात. हे आकार टळण्यासारखे नाहीत. मग ते पहिल्याच आकड्यात का नसावेत? त्यानंतर आसन निवडण्याचे पैसे येतात, आणि ते अशा रीतीने मांडलेले असतात की आसन निवडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असे वाटावे. मग विमा. आणि शेवटी 'सुविधा शुल्क'. आपले काम आपणच केले, आपल्याच यंत्रावर केले, त्याबद्दल आपल्याकडूनच घेतलेल्या पैशांना सुविधा म्हणायचे, यातला विनोद ज्याने कोणी योजला त्याला भाषेची जाण उत्तम असली पाहिजे.

कमी भाड्याची दिनदर्शिका हाही याच जातीचा प्रकार. महिन्याच्या प्रत्येक तारखेखाली एक आकडा असतो. तो कोणी तरी पूर्वी केलेल्या शोधातून साठवलेला असू शकतो, एकेरी प्रवासाचा असू शकतो, करांशिवायचाही असू शकतो. आकड्याखाली यांतले काहीच लिहिलेले नसते. आपण तारखेवर बोट ठेवतो आणि आकडा बदलतो. संदर्भ काढून टाकलेल्या अवतरणावर विसंबू नये, असे आम्ही प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना बजावतो. इथे तर सगळे पानच संदर्भ नसलेल्या अवतरणांचे असते.

३

हे सारे अपरिहार्य आहे, व्यवसायच तसा आहे, असे सांगितले जाते. ते खरे नाही. इतरत्र यावर वाद झाले आहेत, निकाल लागले आहेत, आणि ते वाद साहित्याच्या माणसाने वाचावेत असे आहेत, कारण ते अखेर अक्षरांच्या आकाराविषयी आणि मजकुराच्या क्रमाविषयी होते.

युरोपीय संघाने २००८ साली १००८ क्रमांकाचा नियम केला. जे कर आणि आकार टळणारे नाहीत ते धरून होणारी अंतिम किंमत नेहमी दाखवली पाहिजे, आणि ऐच्छिक गोष्टी प्रवाशाने स्वतः होऊन निवडल्या पाहिजेत, त्यांवर आधीच खूण केलेली चालणार नाही, असे त्याचे तेविसावे कलम सांगते. एअर बर्लिन ही जर्मन कंपनी विमानांच्या यादीत अंतिम किंमत सर्व विमानांपुढे न दाखवता निवडलेल्या विमानापुरती दाखवत असे. तेथील ग्राहक संघटनांनी हरकत घेतली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०१५ मध्ये निकाल लागला, की किंमत जिथे जिथे दाखवली जाते तिथे, अगदी पहिल्यांदा दाखवली जाते तिथेही आणि यादीतील प्रत्येक विमानापुढे, ती अंतिमच असली पाहिजे. ही कंपनी पुढे २०१७ साली बंद पडली. निकाल मात्र राहिला.

अमेरिकेतील वाद अधिकच उद्बोधक आहे. तेथील वाहतूक खात्याने जानेवारी २०१२ पासून पूर्ण भाडेच ठळकपणे दाखवण्याचा नियम लागू केला. स्पिरिट, अलीजिअंट आणि साउथवेस्ट या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यांच्या युक्तिवादांपैकी एक अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. सरकार किती कर घेते हे प्रवाशाला ठळकपणे सांगण्याचा आमचा हक्क हिरावला जातो, असे त्यांचे म्हणणे. जुलै २०१२ मध्ये न्यायालयाने बहुमताने ते फेटाळले. करांची फोड दाखवायला कोणी मना करत नाही. ती एकूण रकमेपेक्षा ठळक असू नये, एवढेच नियम सांगतो, असा त्याचा आशय. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी आपल्या लेखकांनी काय काय सोसले ते आम्ही शिकवतो. तोच शब्द टंकाच्या आकारासाठी वापरलेला पाहून गंमत वाटली आणि थोडे वाईटही वाटले.

आपल्याकडेही हालचाल झाली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. हा शब्द हॅरी ब्रिग्नल या अभ्यासकाने २०१० मध्ये रूढ केला. पडद्यावरील फसव्या रचना असा त्याचा अर्थ. तत्त्वांमध्ये असे तेरा प्रकार दिले आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हा त्यांतला एक, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे हा दुसरा. आमचे लक्ष वेधले ते ग्राहकाला लाजवून संमती मिळवण्याच्या प्रकाराने. त्याचे उदाहरण म्हणून अधिसूचनेने विमान-तिकिटांचेच संकेतस्थळ घेतले आहे. विमा नाकारणाऱ्या प्रवाशाला 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणारे. येथे पहिल्यांदाच पडद्यावर एक पूर्ण वाक्य येते, क्रियापदासह, आणि प्रथमपुरुषी एकवचनात. पण ते वाक्य आपले नसते. आपल्या तोंडी घातलेले असते. जिथे वाचकाला वाक्य हवे असते तिथे अंक मिळतात, आणि जिथे 'नको' एवढा शब्द पुरेसा आहे तिथे कबुलीजबाब!

४

यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप असा, की हे साहित्याच्या अभ्यासकाचे क्षेत्रच नव्हे. आमचे उत्तर साधे आहे. आमचे विद्यार्थी वर्षभरात जितक्या कविता वाचतात त्याच्या किती तरी पट अधिक भाडी, तारखा, अटी आणि सूचना वाचतात. त्यांच्या आयुष्यातील सर्वाधिक वाचले जाणारे गद्य हेच आहे. ते वाचण्याची साधने आमच्याजवळ आहेत. बोलणारा कोण, कोणाशी बोलतो, काय आधी सांगतो आणि काय मागे ठेवतो, हे प्रश्न आम्ही कथेला विचारतो. तेच इथे विचारले म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाचकाने सावध असावे. अवघड मजकूर वाचण्याचे कष्ट घ्यावेत. तुम्हीच तर दुर्बोध कवितेची बाजू घेता! हे खरे आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप आला, तेव्हापासून मराठी समीक्षेने या प्रश्नाचा पुष्कळ खल केला आहे, आणि कष्टसाध्य कवितेच्या बाजूने आम्ही आजही उभे आहोत. पण दोन दुर्बोधतांत एक मूलभूत फरक आहे. कवितेतील अवघडपणाशी झगडलेल्या वाचकाच्या पदरात काही पडते. कष्टाचे फळ कष्ट करणाऱ्याला मिळते. भाड्याच्या पानावरील अवघडपणाचे फळ लिहिणाऱ्याला मिळते. वाचक जितका थकेल, घाईत असेल, म्हातारा असेल, भाषेला परका असेल, तितके ते फळ मोठे. कवी वाचकाकडून अधिक अवधानाची अपेक्षा करतो. हे पान वाचकाच्या अवधानभंगाची वाट पाहते. 'या भाड्यात दोनच जागा शिल्लक' ही ओळ खरी असो वा खोटी, तिने एक काम नक्की होते, आणि ते म्हणजे वाचकाला तारीख पुन्हा वाचू न देणे.

तिसरा आक्षेप जागेचा. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर इतके शब्द मावणार कसे? ज्या पडद्यावर सवलतीच्या कुपनांना, बँकांच्या चित्रांना आणि हॉटेलांच्या जाहिरातींना जागा मिळते, तिथे 'शुक्रवारी रात्री' या दोन शब्दांना ती मिळत नाही, हे आम्हांला पटत नाही.

५

या प्रसंगानंतर उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही एक प्रयोग केला. एका काल्पनिक विमानाची माहिती, म्हणजे वेळ, तारीख, भाडे, कर आणि अटी, फळ्यावर सुटी सुटी लिहिली, आणि आपल्या आजीला समजेल अशा मराठीत ती लिहा, असे विद्यार्थ्यांना सांगितले. आजी पहिल्यांदाच विमानात बसणार आहे आणि घरात ती एकटी आहे, एवढी अट घातली. मुलांनी जे लिहिले त्यात अलंकार नव्हते; क्रियापदे मात्र भरपूर होती. 'शुक्रवारी रात्रीचे जेवण झाले की निघ. दहापर्यंत पोहोच. विमान बाराच्या पुढे सुटेल, तेव्हा तारीख शनिवारची लागलेली असेल, घाबरू नकोस.' एका मुलीने भाड्याविषयी लिहिले, 'सगळे धरून चार हजार सहाशे पडतील. याच्यावर कोणी मागितले तर देऊ नकोस.' वीस मिनिटांत वर्गाने जे केले ते मोठमोठ्या कंपन्यांना इतक्या वर्षांत का जमू नये? जमत नाही असे नाहीच. आजी समोर असली की जमते. प्रश्न इतकाच आहे, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण आहे.

म्हणून आमच्या मागण्या फार नाहीत. पहिला दिसणारा आकडा हाच शेवटी भरावयाचा आकडा असावा. तो एका माणसाचा की सर्वांचा, एका दिशेचा की दोन्ही, हे आकड्याला लागूनच लिहिलेले असावे. महिना अक्षरांत लिहावा आणि तारखेबरोबर वार द्यावा. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात सुटणाऱ्या विमानापुढे कोणत्या दिवसाच्या रात्री निघायचे, ते पैसे भरण्याआधी पूर्ण वाक्यात सांगावे. आणि हे सारे मराठीसह भारतीय भाषांतही असावे. मात्र ते 'निर्गमन' आणि 'आगमन' अशा कोशातल्या शब्दांची पाटी लावून नव्हे, तर 'सुटते' आणि 'पोहोचते' असे सांगून. हे शब्द आपल्या एस. टी. स्टँडवर सर्वांना समजतात.

अकाउंटंटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या सोमवारी दिले नव्हते. आज द्यावेसे वाटते. होय, आम्ही नीट वाचले नाही. तारीख आणि वेळ एकत्र ठेवून विचार करायला हवा होता. त्या रकमेतील आमचा वाटा आम्हांला मान्य आहे. पण नीट वाचणे ही एकट्या वाचकाची जबाबदारी नव्हे. वाचक नीट वाचू शकेल असे लिहिणे हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि त्या अर्ध्या भागाचे बिल आजवर कोणाच्याच टेबलावर गेलेले नाही. ते कोणाकडे पाठवायचे, हे ठरवणाऱ्यांत भाषा शिकवणाऱ्यांनीही असावे, एवढेच आमचे म्हणणे.

सर या वर्षी पुन्हा येणार आहेत. त्यांचे तिकीट आम्ही दुपारचे काढले आहे.